पोरांच्या पायाचं पाणी

माझी लेक परदेशात रस्त्यावरच्या पोरांमध्ये मिशनचं काम करते, असं सांगितलं की ऐकणारा आधी "वा वा" म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "पगार बरा असेल?" मी म्हणते, "तुमच्या जावयाइतका नाही." मग पुढचा प्रश्न येत नाही. माझं तोंड असं आहे. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत इतकी वर्षं खानावळ चालवायची म्हणजे नुसतं गोड बोलून भागत नाही. कुणाचा नवरा ऑपरेशनला आत, कुणाची सून अडलेली. माणसं काळजीनं अर्धमेली होऊन येतात आणि दोन घास टाकून उठायला बघतात. त्यांना दरडावून खायला घालावं लागतं. मी दरडावते. भाकरी संपेपर्यंत पाटावरून उठू देत नाही.

लेक नर्स झाली ती मिरजेतच. शिकत असतानाच तिला स्टेशनवरच्या पोरांचा नाद लागला. रविवारी देवळातली उपासना संपली की ही प्लॅटफॉर्मवर. आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. ती पोरं पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर ओतून हुंगणारी, अंगाला वास, डोळे तांबडे. त्यांना धुवायची, पुसायची, जखमा बांधायची आणि पुन्हा दुपारी माझ्या खानावळीच्या मागच्या दाराशी आणून बसवायची. मी बडबड करायची आणि वाढायची. तेवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं? पण पुढं एका मिशनची माणसं मिरजेत आली, बोलणं झालं, आणि एक दिवस ताट पुढ्यात असताना ही म्हणाली, "आई, मी जाते आहे. आफ्रिकेत. तिथल्या रस्त्यावरच्या पोरांसाठी नर्स हवी आहे."

"मिरज स्टेशनवरची पोरं संपली काय?" मी म्हटलं. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!"

"इथं तू आहेस की," ती म्हणाली. "तिथं कुणी नाही."

हे शांत माणूस. दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवून निवृत्त झालेले. आयुष्यभर भोंगा वाजवला, त्यामुळं घरात आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "जाऊ दे. प्रभूनं बोलावलंय तिला."

"प्रभूनं बोलावलंय, मग आईला एका शब्दानं विचारायला काय झालं होतं प्रभूला?" मी म्हटलं. रागाच्या भरात देवालाही सोडत नाही मी. तो आता सवयीचा झाला असावा.

ती गेली. शहराचं नाव मी लिहीत नाही, लेकीनंच बजावलंय. म्हणते, तू लिहिलंस की लोक त्या शहराला शिव्या देतील, आणि माझी पोरं त्या शहराचीच आहेत. पण शहर वाईट आहे हे मी लिहिणारच. दिवसाढवळ्या गोळ्या सुटतात. सात-आठ वर्षांची पोरं बसस्टँडवर झोपतात, चपला चिकटवायचा डिंक बाटलीत घालून छातीशी धरतात, मोठी पोरं त्यांच्याकडून चोऱ्या करवतात, पोलीस त्यांना बडवतात. बसस्टँडच्या मागं मिशनच्या दोन पत्र्याच्या खोल्या. तिथं ही पोरं दिवसा येतात, अंघोळ करतात, खातात, जखमा बांधून घेतात आणि अंधार पडला की परत निघून जातात. हे सगळं मला फोनवर कळायचं. आमचे डबे बाहेर पडले की तिकडं तिची सकाळ असायची. रोज फोन यायचा. मी आधी विचारायची, "जेवलीस?" आणि लगेच, "परत कधी येतेस?" मला दुसरं काही नको होतं. लेक धडधाकट माझ्या घरात पाहिजे होती. दुनियेचं भलं करायला दुनिया होती की.

विट्याच्या मावशी मला अशाच मिळाल्या, खानावळीच्या डब्यावरून. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी डबा परत पाठवला, "आमटीत मीठ न्हाई" म्हणून. डॉक्टरनं मीठ कमी सांगितलं होतं, पण ऐकणार कोण? मी स्वतः गेले भांडायला. पलंगावर हाडकुळी म्हातारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि जबान माझ्याहून तिखट. भांडण रंगलं आणि त्यातनंच मैत्री झाली. त्यांच्याकडं पिढ्यानपिढ्या मेंढरं. आता विहीर झाली, द्राक्षं आली, आणि घरचा थोरला बापामागं गलाईच्या धंद्यात. जुने दागिने आटवून सोनं शुद्ध करायचं, ती गलाई. विट्याकडची माणसं या धंद्यापायी कुठं नाहीत? केरळात आहेत, बंगालात आहेत. मावशींचा थोरला त्याहून लांब गेलेला.

"माजा थोरला फार लांब हाय," मावशी म्हणाल्या. "आफ्रिकेत. गुजराती सोनारांची गल्ली हाय तितं, त्येंच्यासाटी सोनं गाळतो." आणि त्यांनी शहराचं नाव घेतलं. अर्धं मोडून घेतलं, पण मला कळलं. मी त्यांच्या टाक्यांची पर्वा न करता त्यांना मिठीच मारली. "आगं बया, मारतीस का मला!" म्हणून ओरडल्या.

लगेच लेकीला फोन. "तिथं आपल्याकडचं माणूस आहे. जा आणि भेट." ती टाळत होती, पण मी रोज तेच बोलणार म्हटल्यावर गेली एकदाची. आणि शेठनं, म्हणजे मावशींच्या थोरल्यानं, तिला काय केलं? दुकानाच्या बाहेर स्टूल टाकलं, चहा पाजला आणि बोळवण केली. आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशींना फोन करून मी चांगलं सुनावलं.

"आवं, रागावू नगा बाई," मावशी म्हणाल्या. "गलाईच्या दुकानात परक्या माणसाला आत घेत न्हाईत. सख्खा साडू आला तरी भाईरच बसवत्यात. रीतच हाय ती."

"मोठी आली रीत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग ते निवडणुकीचं झालं. तिथं कसला तरी निकाल लागला आणि शहर पेटलं. आधी टीव्हीवर खाली पट्टी दिसली, मग जळत्या गाड्या दिसल्या. मी फोन लावला, लागेना. यांनी लावला, लागेना. मिशनच्या माणसांनी दिल्लीहून कळवलं, तिथलं नेटवर्क सरकारनंच बंद केलंय, कुणाशीच बोलणं होत नाही, प्रार्थना करा. प्रार्थना करा! ते काय मला सांगायला पाहिजे होतं?

देवळातल्या आयाबाया आमच्या घरी जमू लागल्या. पाळकसाहेब सकाळ-संध्याकाळ येऊन प्रार्थना घ्यायचे. रहिमतपूरहून भाऊ रेल्वेनं आला, येताना आल्याची पिशवी घेऊन आला, ती तशीच कोपऱ्यात पडली. तो नुसता माझ्याजवळ बसून राहायचा. मी खानावळ बंद केली नाही. बंद करून घरात बसले असते तर वेड लागलं असतं. पण आमटी एकदा खारट, एकदा अळणी. अथणीकडचा एक म्हातारा रोज जेवायला असायचा, त्यानं ताट तसंच सारलं आणि कानडीत काहीतरी पुटपुटला. त्याला कुणीतरी खरं काय ते सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यानं ती खारट आमटी वाटी पुसून खाल्ली आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथंच चुलीपाशी ढसाढसा रडले.

मावशींचाही फोन आला. "माजा बी लागत न्हाई गं," एवढंच म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. मला घरात चैन पडेना. सगळे धीर द्यायचे, आणि त्या धीरानं डोकं फिरायचं. आपल्यासारखंच जिचं काळीज पोळतंय, तिच्यापाशी जाऊन बसावं असं वाटायला लागलं. यांना म्हटलं, "चला विट्याला." हे काही न विचारता उठले.

एसटीनं विट्याला पोचलो. मावशींचा बंगला मोठा, दोन मजली, पुढं लोखंडी फाटक. पण म्हातारी मागच्या पडवीत चुलीपाशीच. मला बघितलं आणि हात धरून शेजारी बसवलं. पुढच्या सोप्यात भावकीतली माणसं होती. त्यातला प्रत्येक जण फोनवर. गलाईवाल्यांची ही तऱ्हा मी तिथं पाहिली. कोचीनमधला कुणी दुबईतल्याला विचारतो, दुबईतला कुणा सोनाराला, तो सोनार त्याच्या भावाला, भाऊ तिकडं आफ्रिकेत दुसऱ्या गावात. असं एकाला एक धरत ते त्या शहराच्या वेशीपर्यंत पोचले होते. वेशीच्या आत मात्र कुणाचा हात पोचत नव्हता.

"तू तुज्या देवाला सांग, मी माज्या," मावशी म्हणाल्या. "कुणाचं तरी ऐकंल कोन तरी."

"दोघी मिळून दोघांनाही सांगू," मी म्हटलं. मग मी प्रार्थना केली, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांनी देव्हाऱ्यासमोर भंडारा उधळला, मी डोकं टेकवलं नाही, पण उठूनही गेले नाही. आमच्या देवळात हे कुणाला पटणार नाही. न पटो.

दुपारची भाकरी कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती, तेवढ्यात सोप्यात एकाचा फोन वाजला आणि तो मोठ्यानं ओरडला, "आलाय! आलाय फोन! थोरल्या आण्णाचा हाय!" मावशी पडवीतनं पळत आल्या. त्या वयात, ते ऑपरेशन होऊन, पळत. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"आये, हाय मी. बरा हाय. रडू नगं," शेठचा आवाज. "मिरजेच्या खानावळवाल्या काकूंस्नी निरोप दे, त्येंची ताई हितंच हाय. माज्याच दुकानात. आन तिची पोरं बी हायती. लय पोरं हायती आये, माळ्यावर पाय ठिवाय जागा न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला म्हणायचं, पण खरं तर मीच जमिनीवर पडले. हे माझ्याजवळ बसले आणि "हालेलुया" म्हणाले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं हमसून हमसून रडले. मावशी फोनवर थोरल्याला शिव्या देत होत्या, "मुडद्या, इतकं दीस तोंड कुटं काळं केलंतंस?" आणि एका हातानं माझ्या पाठीवरनं हात फिरवत होत्या. शेवटी फोन माझ्या हातात आला. मी लेकीशी बोलायच्या आधी शेठलाच म्हटलं, "शेठ, तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. पण एक ऐका. गावाकडं याल तेव्हा तिला बखोटीला धरून घेऊन या. मला माझी लेक परत पाहिजे."

"आनतो काकू," शेठ म्हणाला. "काळजी करू नगा."

मग लेक बोलली. सगळं पहिल्या दिवशी नाही सांगितलं, पुढच्या काही दिवसांत थोडं थोडं सांगितलं. बसस्टँड पेटला तेव्हा पोरं खोल्यांत होती. पत्र्याचं दार किती टिकणार? तिनं मागच्या गल्लीतनं पोरं काढली. सगळी अनवाणी. रस्त्यात फुटक्या काचांचा खच. पोरं त्यावरून पळाली. सोनारगल्लीत सगळी शटरं खाली. तिला एकच दुकान माहीत होतं, जिथं तिला बाहेर बसवून चहा पाजला होता. तिनं त्या शटरवर दोन्ही मुठी मारल्या आणि मराठीत ओरडली, "मी मिरजेची आहे! तुमच्या आईच्या मैत्रिणीची, खानावळवालीची मुलगी! उघडा!"

आणि शटर वर झालं. गुडघ्याएवढंच. त्या फटीतनं एकेक पोर आत ओढलं, शेवटी ती. पुन्हा शटर खाली.

"आई, आत गेल्यावर काय झालं सांगू?" ती म्हणाली. "पोरं भट्टीच्या खोलीत दाटीवाटीनं उभी. वर माळ्यावर शेठची राहायची जागा. तर शेठ जिन्याशी आडवा उभा राहिला. मला वाटलं, वर जाऊ देत नाही. पण त्यानं पाण्याचा टब मागवला, स्वतः खाली बसला आणि एकेका पोराचा पाय हातात घेऊन धुतला. एकेकाचा, आई. त्या पोरांच्या पायाला त्यांच्या आईनंसुद्धा कधी हात लावला नसेल. मी काचा काढत होते, तो धुवत होता. सगळ्यांचे झाले तेव्हा त्यानं माझ्याही पायांकडं बोट केलं. मला प्रभूच दिसला त्याच्यात."

प्रभुभोजनाच्या रात्री येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मी ऐकलं आणि हात जोडले. म्हटलं, या शेठला मी काय काय बोलले होते! पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांनी रविवारी त्यावरच उपदेश केला. विट्याचा एक हिंदू भाऊ, सोन्याचा व्यापारी, परक्या देशातल्या अनाथ पोरांपुढं गुडघे टेकून बसतो. सगळी मंडळी डोळे पुसत होती. माझ्या पलीकडं बसणारी एक बाई, जी कधी माझ्याशी धड बोलत नाही, तिनंही माझा हात दाबला. मला अगदी अभिमानानं फुगल्यासारखं झालं, जसं काही पाय मीच धुतले होते.

मावशींनाही फोन करून सगळं रंगवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बरं." एवढंच. मला वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं असेल.

तिकडं सगळं थंडावलं. मिशननं पत्रा बदलून पक्कं दार बसवलं. लेकीला मी रोज विचारत होते, कधी येतेस, आणि ती रोज म्हणत होती, बघू. मी म्हटलं, तू बघत बस, शेठ तुला घेऊन येणार आहे.

गावच्या जत्रेला शेठ आला. एकटाच. मावशींनी आधीच फोनवर सांगितलं होतं, तरी मला वाटत होतं, शेवटच्या क्षणी लेक गाडीतनं उतरेल. उतरली नाही. मी फणफणतच विट्याला निघाले. बरोबर हे, आणि पाळकसाहेब. त्यांनी देवळाच्या मंडळीतर्फे शाल आणली होती. मी डबा भरून मटण नेलं होतं. मनात ठरवून गेले होते, शेठला पुन्हा बजावायचं. पुढच्या खेपेला रिकाम्या हातानं यायचं नाही.

शेठ बघितला आणि मला हसूच आलं. माझ्या डोळ्यांपुढं कुणीतरी उंचपुरा, गंभीर माणूस होता. हा बुटका, पोट सुटलेला, बनियनवर बसून जत्रेतल्या बोकडाचा हिशेब भावाला समजावून सांगत होता. आम्हाला बघून घाईनं शर्ट चढवला, माझ्या पाया पडला. पाळकसाहेबांनी आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम" केला. तोही गोंधळून "सलाम सलाम" म्हणाला. सोप्यात भावकी जमली होती. पाळकसाहेबांनी उभं राहून शेठच्या खांद्यावर शाल घातली आणि बोलायला लागले. पायधुणीवर आले, नम्रतेवर आले, म्हणाले, "तुम्ही त्या लेकरांचे पाय धुतलेत, त्यामागं केवढी मोठी भावना होती."

शेठ माझ्याकडं बघायला लागला. मग आईकडं. मावशी छताकडं बघत होत्या.

"आवं पाळकसायेब," शेठ म्हणाला, "त्यात भावना कसली? पाय तर आमी रोजच धुतो."

"रोज?"

"भट्टीच्या खोलीत सोन्याची बारीक धूळ असती न्हवं का. पायाला लागून जाती. म्हनून त्या खोलीतनं भाईर पडताना परतेक मानसानं टबात पाय धुवायचं. ते पानी साटवायचं, गाळ खाली बसला की आटवायचा. त्यात सोनं निगतं. गलाईवाला ते पानी कदी सोडत न्हाई. पोरं तशीच माळ्यावर गेली आसती तर सगळी धूळ पायानं वर गेली आसती की! म्हनून मी जिन्यात आडवा झालो. पोरांस्नी आमची भाषा येत न्हाई, मग मीच बसलो धुवायला. ताईंच्या पायाला बी लागली हुती."

पाळकसाहेबांचा हात अजून शालीवर होता, तो कुठं ठेवावा त्यांना कळेना. रविवारचा तो सगळा उपदेश त्यांच्या तोंडावर येऊन बसलेला मला स्पष्ट दिसला. आणि मला जे हसू फुटलं! पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. डोळ्यांतनं पाणी आलं. हे मला कोपरानं ढोसत होते आणि स्वतःच हसत होते.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं!" मी म्हटलं.

"म्हाईत हुतं की," मावशी म्हणाल्या. "माजा मालक बी गलाईतच हुता. पर तू एवढ्या मायेनं सांगत हुतीस, म्हटलं आपुन कशाला तोंड घालायचं." आणि मग थोरल्याकडं वळल्या, "तुला बी गप बसाय काय झालंतं रं? चांगला देव करून बसवला हुता तुला."

आता सगळेच हसायला लागले. पाळकसाहेबसुद्धा. चांगला माणूस आहे तो, स्वतःवर हसता येतं त्याला. माझ्या जिवावरचं ओझं त्या हसण्यानं आणखी हलकं झालं. देव होता त्यापेक्षा हा बोकडाचा हिशेब करणारा शेठच मला जास्त आवडला. म्हटलं, चला, माणूसच आहे, आपल्यासारखा. पाळकसाहेब गमतीनं म्हणाले, "मग शेठ, आमच्या लेकरांच्या पायाला लागून किती सोनं आलं परत?"

शेठचं हसू थांबलं. त्यानं शालीचं टोक बोटांनी चोळलं.

"न्हाई बघितलं," तो म्हणाला.

"म्हंजे?" मावशींनी विचारलं.

"ते पानी म्या वतून दिलं."

"वतून दिलंस?" मावशी ताडकन उठल्या. "येडा हायस का काय? गलाईवाला पानी वततो व्हय? तुज्या बापानं उभ्या जल्मात..."

"आये, लाल झालं हुतं ते," शेठ म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "पयल्या दोन पोरांपतूर म्या धुळीचाच इचार करत हुतो. तिसरी पोरगी बारकी हुती, आपल्या धाकटीएवढी. तिच्या टाचंत काच हुती हितपतूर. तिनं आवाज केला न्हाई. कुनी ऐकंल म्हनून. पाय माज्या हातात दिला आन दोनी हातानं सवताचंच त्वांड दाबून धरलं. त्या पान्यातनं सोनं काडू व्हय मी?"

मावशी खाली बसल्या. पदरानं नाक पुसलं आणि थोरल्याच्या पाठीवर एक हलकी चापट मारली, लहान पोराला मारावी तशी. माझं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. माझ्या लेकीनं मला त्या पोरीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. रोज फोनवर मी एकच विचारत होते, जेवलीस का आणि येतेस कधी. तिनं तरी मधे कधी आणि काय सांगायचं?

शेठनं डोळे पुसले, शाल नीट घडी करून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं वळला. "काकू, तुमी म्हटला हुता तसं मी ताईंना लय सांगून बघितलं. न्हाई म्हटल्या. पर तुमचा सबुद हाय माज्यावर. आता परत जाईन तवा तिकीटच काडतो आन घिऊनच येतो. काय सांगू त्यास्नी? तुमी सांगा, मी तसं करतो."

हे माझ्याकडं बघत होते. मी घरून निघताना जे ठरवलं होतं ते तोंडाशीच होतं.

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "राहू दे तिला तिथं. तू आहेस की."